रविवारी धंदा, मग सुट्टी कधी?

घर घेणाऱ्याला रविवारी सवड असते, विकणाऱ्यालाही रविवारीच असते. म्हणून इस्टेट एजंटला रविवारी सवड नसते. हे ठाऊक असूनच आपण या धंद्यात आलो, तेव्हा त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. खरी अडचण पुढची आहे. सोमवारी टोकनची बोलणी, मंगळवारी भाडेकराराचे अंगठे, बुधवारी बँकेत खेटा, गुरुवारी एखादे मालक नुसतेच ‘मार्केट काय म्हणतंय’ विचारायला बोलावतात, आणि बघता बघता परत शनिवार उजाडतो. वर्षाखेरीला हिशेब मांडला की कळतं, पैसे मोजक्या व्यवहारांत आले. बाकीचे दिवस फोनवर, ट्रॅफिकमध्ये आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमनशी हुज्जत घालण्यात गेले.

ब्रोकरेज आपल्याला मिळतं ते तीन कामांचं. पार्टीला साजेसं घर हुडकणं, बैठकीत भाव जमवणं आणि टोकननंतर कागद अडकू न देणं. या कामांना दिवसाचे चौदा तास लागत नाहीत. चौदा तास जातात ते आपण सदैव हजर आहोत हे दाखवण्यात. तो देखावा आटोपता घ्या आणि सुट्टी बाजाराची चाल बघून घ्या, एवढं मला सांगायचं आहे. पुढचं सगळं मुख्यतः पुणे-पिंपरी, मुंबई-ठाणे पट्ट्यात रीसेल आणि भाड्याचं काम करणाऱ्यांसाठी आहे. नुसती नव्या प्रकल्पांची चॅनल पार्टनरशिप करणाऱ्यांचं वेळापत्रक बिल्डरच्या हाती असतं, त्यांना यातलं निम्मंच लागू पडेल.

गाडी काढण्याआधी

चौकशीचा फोन आला की ‘या, दाखवतो’ हे आपल्या तोंडून आपसूक निघतं. तिथेच थांबायला शिकायचं. बजेट सगळेच विचारतात, पण त्याहून कामाचे प्रश्न निराळे आहेत. कर्ज काढणार असाल तर बँकेने किती मिळेल ते सांगितलंय का? आताचं घर विकून हे घ्यायचंय का, आणि ते विकायला काढलंय का? ताबा कधीपर्यंत हवा? दक्षिणेकडे तोंड असलेलं दार चालेल का? आणि घर पसंत करणार कोण?

या शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण आपले सर्वाधिक रविवार यानेच खाल्ले आहेत. पहिल्या शनिवारी नवरा एकटा येतो, त्याला फ्लॅट आवडतो. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन येतो. तिला ड्राय बाल्कनी लहान वाटते, पण चालेल म्हणते. पुढच्या रविवारी नगरहून वडील येतात. ते भिंतीवर बोटाने टकटक करून बघतात आणि पाणी महापालिकेचं की टँकरचं, हे आपल्याला न विचारता थेट वॉचमनला विचारतात. (खरं सांगायचं तर अख्ख्या कुटुंबात नेमका प्रश्न तेवढा त्यांनीच विचारलेला असतो.) चौथ्या फेरीला वास्तूवाले येतात, मोबाइलमधलं होकायंत्र उघडतात आणि शौचालय ईशान्येला निघालं म्हणून सगळं मोडतं. शौचालय पहिल्या शनिवारीही ईशान्येलाच होतं. मधल्या काळात आतल्या भाडेकरूची चार वेळा विनवणी झाली, गेटवर चार वेळा नोंद झाली, पेट्रोल गेलं ते वेगळंच.

म्हणून फ्लॅट हातात आला की पहिल्याच दिवशी त्याची एक चिठ्ठी तयार करावी: उत्तर दिशा दाखवलेला नकाशा, दाराचं तोंड, पाण्याची खरी परिस्थिती, महिन्याचा मेंटेनन्स, पार्किंगचा फोटो (ते स्टॅकचं आहे का, खांबाला लागून आहे का, हे फोटोतच दिसतं), भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही. ती आधी पाठवायची, मग भेटीची वेळ द्यायची. काही पार्ट्या चिठ्ठी वाचूनच गळतात. गळू द्या, त्या चौथ्या फेरीला गळणारच होत्या. दुसऱ्या भेटीसाठी माझा नियम असा: ठरवणारे सगळे एकदम. ‘सगळे मिळून या, दीड तास तुमच्यासाठी राखून ठेवतो,’ असं नीट सांगितलं तर कुणाला राग येत नाही. ज्याला घर घ्यायचंय तो वडिलांनाही आणतो आणि वास्तूवाल्यांनाही.

दुसरी गळती हद्दीची. कोथरूडमध्ये काम करणारा एजंट पार्टीचा आग्रह म्हणून खराडीला फ्लॅट दाखवायला निघतो आणि त्याचा अर्धा दिवस नदीच्या अलीकडेच संपतो. शिवाय तिथल्या कुठल्या सोसायटीत पाण्याची बोंब आहे, कुठली कमिटी एनओसीला रखडवते, हे त्याला माहीत नसतं. कोथरूड, बावधन, वारजे एवढंच ज्याला पाठ आहे त्याने खराडीची पार्टी तिथल्या चांगल्या एजंटकडे सोपवावी आणि फिफ्टी-फिफ्टी करावं. अर्धं ब्रोकरेज गेलं असं वाटतं, पण तो दिवस आपल्या हद्दीत लागतो, आणि तोही उद्या कोथरूडची पार्टी तुमच्याकडे पाठवतो.

कागद आधी, फोटो मागाहून

व्यवहार बैठकीत जमतो आणि बँकेच्या लीगलमध्ये फिसकटतो. तोवर दोन महिने गेलेले असतात, आणि ते आपले असतात. म्हणून मालकाकडून फ्लॅट विकायला घेतानाच कागद बघावेत: इंडेक्स टू, साखळीतले जुने सगळे करार, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती, आणि कर्ज चालू असेल तर किती बाकी आहे याचं बँकेचं पत्र. एखादा जुना करार गहाळ असेल तर ते आजच कळलेलं बरं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जुने दस्त शोधता येतात, नक्कल काढता येते. पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ टोकनच्या आधीचा असावा.

दोन प्रश्न मात्र कागदात दिसत नाहीत, ते तोंडानेच विचारावे लागतात. शेअर सर्टिफिकेटवर ज्यांचं नाव आहे ते हयात आहेत का? नॉमिनी म्हणून मुलाचं नाव लागलं म्हणजे तो एकटा मालक झाला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचं हक्कसोड पत्र लागलं की गाडी तिथेच अडते. दुसरा प्रश्न, मालक राहतात कुठे? विकणारा भारतात राहणारा असेल तर ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. मालक अमेरिकेत असतील तर ती ५० लाखांची मर्यादाही नाही आणि तो १ टक्काही नाही. कपात बरीच मोठी होते, ती कमी करून घ्यायची तर मालकाला आयकर खात्याकडून दाखला आणावा लागतो, आणि त्याला आठवडे लागतात. बाणेर, औंध, कोथरूडमध्ये परदेशी गेलेल्या मुलांच्या नावावरचे फ्लॅट कमी नाहीत. हे टोकनच्या दिवशी कळलं तर त्यानंतरची तुमची सुट्टी विमानतळावरून सीएला फोन करण्यात जाईल.

टोकन झालं की दोन्ही बाजूंना तारखांचा एक कागद द्या. करारनामा कधी, बँकेचं लीगल आणि टेक्निकल कधीपर्यंत, सोसायटीचं एनओसी कोण आणणार, चेक कधी, ताबा कधी. खाली एक ओळ लिहा: ‘दर शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः कळवीन.’ आणि मग काही घडलेलं नसलं तरी शुक्रवारी कळवा. ‘या आठवड्यात बँकेकडून उत्तर नाही’ हेसुद्धा कळवणंच आहे. लोक रोज फोन करतात ते धास्तीपोटी. शुक्रवारचा निरोप चुकत नाही अशी खात्री पटली की मधले फोन आपोआप ओसरतात.

अंगठे

भाड्याच्या कामात वेळ कसा जातो, ते हे काम न करणाऱ्याला सांगून कळणार नाही. भाडेकराराची नोंदणी आता घरबसल्या होते. आधार आणि बोटाच्या ठशाचं मशीन घेऊन आपण दारोदार जातो. भाडेकरू हिंजवडीहून साडेनऊला घरी पोचतो, म्हणून त्याचा अंगठा रात्री दहाला. मालकीणबाई सत्तरीच्या, आयुष्यभर भांडी घासून, पोळ्या लाटून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या. मशीन अंगठा घेत नाही. साबणाने हात धुवून बघतो, कोरड्या फडक्याने पुसतो, मग तर्जनी, मग डावा हात. त्या कानकोंड्या होतात, आपण ‘असू द्या आजी, होतं असं’ म्हणत पुन्हा बटण दाबतो. तेवढ्यात सर्व्हर जातो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मालक ती आपल्याकडे सोपवतात आणि आपण ती ब्रोकरेजमध्येच धरतो. धरू नये. करार करून देणारी माणसं आता प्रत्येक उपनगरात आहेत. त्यांचा आकार मालक-भाडेकरूंना आधीच सांगावा आणि अंगठ्यांचं काम त्यांच्याकडे द्यावं. स्वतःच करायचं असेल तर आठवड्यातली एकच संध्याकाळ त्याला ठेवावी. वयस्कर मालक असतील तर ती संध्याकाळसुद्धा नको, सकाळी अकरा. रात्रीच्या गडबडीत त्यांचेही हाल होतात.

पण याच भाड्याच्या कामात एक सोय आहे, आणि तिच्याकडे फार थोडे एजंट नीट बघतात. बहुतेक करार अकरा महिन्यांचे, म्हणजे कुठला कधी संपणार हे केलेल्या दिवशीच माहीत असतं. सगळ्या करारांच्या शेवटच्या तारखा एका शीटमध्ये मांडा. मुदत संपायच्या दीड महिना आधी मालकाला आणि भाडेकरूला एकाच वेळी निरोप पाठवा: राहायचंय का, भाडं किती वाढवायचं, सोडायचं असेल तर आत्ताच सांगा. नूतनीकरणाची फी लहान असते, पण ती दर महिन्याला येते आणि तिला साइट व्हिजिट लागत नाही. रीसेलचं ब्रोकरेज ताब्यापर्यंत लांबतं. नव्या प्रकल्पात बिल्डरचा पेआउट करार नोंदवल्यानंतरही कित्येक आठवडे येत नाही. अशात घरखर्च नूतनीकरणातून भागला तर एक आठवडा बाहेर जाताना पोटात गोळा येत नाही. सुट्टी न घेण्यामागे बहुतेकांचं खरं कारण पैशांची अनिश्चितता असतं, वेळेची टंचाई नव्हे. म्हणून आलेल्या प्रत्येक ब्रोकरेजमधून जीएसटीचा आणि आगाऊ कराचा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावा. आगाऊ कराच्या तारखा, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, कुणासाठी थांबत नाहीत.

रात्री नऊचा फोन

‘संध्याकाळी सातनंतर फोन बंद ठेवा’ हा सल्ला नोकरदारांना ठीक आहे, आपल्याला तो कामाचा नाही. आयटीतला खरेदीदार जेवण झाल्यावर, नऊ-साडेनऊला मोकळा होतो आणि घराचा विचार तेव्हाच करतो. ते दोन तास फोन बंद ठेवणं म्हणजे गर्दीच्या वेळी शटर ओढणं. दिवस दुसऱ्या टोकाने कापावा. सकाळी अकरापर्यंत फोन नको. त्या वेळेत एखादी खरी पार्टी क्वचितच बोलते. बोलतात ते मालक आणि दुसरे एजंट, आणि ते थांबू शकतात. सकाळ चालायला, घरच्यांना, मुलांना शाळेत सोडायला ठेवा.

ब्रोकरांचे व्हॉट्सअॅप ग्रुप ही तर वेगळीच डोकेदुखी. तीच रिक्वायरमेंट सात ग्रुपवर, खाली ‘डायरेक्ट ओन्ली’, ‘टाइमपास पार्टी नको’. ते दिवसातून दोनदा उघडावेत, बाकी वेळ आवाज बंद. पोर्टलवरून येणाऱ्या चौकशीला मात्र लगेच उत्तर जायला हवं, कारण त्याच माणसाने आणखी पाच जणांना विचारलेलं असतं. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये ठरलेलं उत्तर साठवून ठेवता येतं, त्यात वरचे पाच प्रश्न घाला. जो उत्तरं देतो त्याला फोन करा.

बाजार झोपतो तेव्हा

आठवड्याची सुट्टी मधल्या वारी घ्या. बिल्डरांच्या सेल्स ऑफिसातली मुलंही बहुधा मधल्याच वारी सुट्टीवर असतात. मंगळवार की बुधवार हे तुमच्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आणि बँकेच्या कामांवर ठरवा. सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून सोमवार आणि शुक्रवार तिथे गर्दीचे. काही नोंदणी कार्यालयं शनिवार-रविवारीही चालू असतात, तिथे काम नेता आलं तर मधला वार मोकळा करणं आणखी सोपं जातं. मुलांची शाळा मंगळवारी असते, हा या धंद्यातला सल आहेच. त्यावर महिन्यातला एक रविवार पूर्ण सोडणं हाच उपाय. कुठला रविवार ते महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरवा, नाहीतर तो कुणाच्या तरी दुसऱ्या भेटीत जातो.

वर्षाची सुट्टी ठरवताना पंचांग जवळ घ्या. साडेतीन मुहूर्तांना, म्हणजे पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळी पाडव्याला, आपण जागचे हलू शकत नाही. मार्चअखेरही गेली, कारण रेडी रेकनरचे दर बदलले तर ते १ एप्रिलला बदलतात आणि लोक त्याआधी नोंदणी उरकू बघतात. एप्रिल ते जुलै भाड्याचा हंगाम: आधी शाळांमुळे बदलणारी घरं, मग नव्याने नोकरीला लागलेली मुलं. यातून उरतो काय, तर पितृपक्ष. अनंत चतुर्दशी झाली की पंधरवडाभर टोकन द्यायला कुणी तयार होत नाही. ‘बघून ठेवतो, पण व्यवहार घटाला,’ हे वाक्य प्रत्येक एजंटने ऐकलेलं आहे. आपल्यातले अनेकजण हा पंधरवडा चिडचिड करत ऑफिसात बसून काढतात. तो हक्काच्या रजेसारखा वापरा. पाऊस ओसरत आलेला, कोकणात हिरवं, कास पठारावर फुलं, आणि हॉटेलांत दिवाळीची गर्दी नाही. तारीख मात्र दर वर्षी बघून घ्या. पितृपक्षाच्या आधी अधिक मास येतो त्या वर्षी पितृपक्ष ऑक्टोबरात सरकतो, २०२३ मध्ये सरकला होता आणि २०२६ मध्येही तसंच आहे. २०२६ चा अधिक मास ज्येष्ठात, मे-जूनमध्ये आहे. खरेदी त्यात मंदावेल, पण भाडेकरू अधिक मास पाळत नाहीत, तेव्हा त्याच्या भरवशावर गावाला जाऊ नका.

मुलांसोबतच्या सहलीला पितृपक्ष चालत नाही, शाळा सुरू असते. त्यासाठी भाऊबीज झाली की निघा. शाळांना अजून सुट्टी असते, पार्ट्या गावाला गेलेल्या असतात, आणि पाडव्याला जे व्हायचं ते झालेलं असतं. म्हणजे पितृपक्ष दोघांसाठी किंवा स्वतःसाठी: गुडघे दाखवणं, रक्त तपासणं, वर्षभर राहिलेले हिशेब. दिवाळीनंतरचा आठवडा घरासाठी.

पंचांगालाही कधी सरकार मात देतं, हे ध्यानात असू द्या. सप्टेंबर २०२० मध्ये पितृपक्ष होता, त्याच्या पाठोपाठ अधिक आश्विन आला. एरवी दीड महिना शुकशुकाट असता. पण राज्याने १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं आणि लोक नोंदणीला धावले. तशी सवलत जाहीर झाली तर तिकीट रद्द करा, खुशाल.

मागे कोण बघणार?

सुट्टीवर जाताना दुकान कुणाच्या हाती द्यायचं, यावर बहुतेकांचं उत्तर भाचा किंवा पुतण्या असतं. भाड्याचं घर उघडून दाखवायला तो चालेल. रेरात नोंदवलेल्या प्रकल्पातलं घर विकायला स्वतःचा महारेरा क्रमांक लागतो. तो नसताना काम केलं तर कायद्यात रोज १० हजार रुपयांपर्यंत, आणि एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. आता क्रमांकासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. म्हणून शेजारच्या हद्दीतला नोंदणी असलेला एखादा विश्वासू एजंट जोडीदार म्हणून धरा: तुमच्या पितृपक्षाचा पहिला आठवडा तो सांभाळेल, दुसरा तुम्ही त्याचा सांभाळा.

मैत्री असली तरी व्यवहार लिहून ठेवा. कागद नको, व्हॉट्सअॅपवर चार ओळी पुरतात. ‘या पार्ट्या माझ्या. तू नुसता फ्लॅट दाखवलास तर ठरलेली रक्कम. बैठक तू घेऊन व्यवहार केलास तर निम्मं. नवीन चौकशी तुझ्याकडे आली तर तुझी.’ हे न लिहिल्यामुळे तुटलेल्या जोड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात.

किल्ल्यांची एक वही करा. किल्लीला फक्त क्रमांकाचा बिल्ला लावा, इमारतीचं नाव आणि फ्लॅट नंबर कधीही नको. नाहीतर ती पडली की सापडणाऱ्याला पत्ताही मिळतो. कुठली किल्ली कुणी कधी नेली ते वहीत, सहीसकट. जोडीदाराला वही द्या, किल्ल्या द्या आणि चालू व्यवहारांचे तारखांचे कागद द्या.

मालकांना आणि पार्ट्यांना चार दिवस आधी कळवा, ते असं: ‘सोमवार ते शनिवार मी बाहेरगावी आहे. फ्लॅट दाखवण्यासाठी आणि किल्लीसाठी अमुक यांना फोन करावा, त्यांना सगळी माहिती दिली आहे. रविवारी अकरानंतर मी आहे.’ माफी मागू नका, कारण सांगू नका, ‘तातडीचं असेल तर फोन करा’ हे तर अजिबात लिहू नका. प्रत्येक मालकाला आपलं काम तातडीचंच वाटतं. अपवाद एकच: टोकन झालेला, करारनाम्याच्या तारखेला आलेला व्यवहार. असा एखादा असेल तर निघण्याची तारीख पुढे ढकला, किंवा करारनाम्याची तारीख दोन्ही बाजूंच्या संमतीने परतल्यानंतरची घ्या. तारकर्लीच्या किनाऱ्यावरून बैठक चालवायला जाऊ नका. समोर बसलेला मालक ‘बघू, घरी विचारतो’ म्हणताना बायकोकडे बघतो की घड्याळाकडे, हे फोनवर दिसत नाही, आणि शेवटचे दोन लाख त्या नजरेवरच ठरतात.